‘असल्या’ बाळाचं ऑपरेशन करावं का?

‘मॅडम, ऑपरेशन करून आम्ही तिचे हालच वाढवतोय का?’

लहान मुलांच्या हृदयविभागात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विचारणाऱ्यांचं बाळ बहुतेक वेळा डाऊन सिंड्रोमचं, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची जास्तीची प्रत असलेलं असतं. अशा जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. म्हणजे गुणसूत्रांचा रिपोर्ट पचतोय न पचतोय, तोवर इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात पडतो.

सातारा जिल्ह्यातलं एक जोडपं असंच आलं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते. मुलगी चार महिन्यांची, वजन चार किलोच्याही आत. आम्ही बोलत होतो तेव्हा आई तिला पाजत होती. बाळ दोन मिनिटं ओढायचं, दमायचं, सोडून द्यायचं. कपाळावर घामाचे बारीक थेंब यायचे, आई ते पदरानं टिपायची आणि पुन्हा छातीशी धरायची. एकदा पाजायला पाऊण तास लागतो, म्हणाली.

आजी दाराशी बसल्या होत्या. ‘देवानं दिलंय तसं ऱ्हाऊ द्या. एवढ्याशा जिवाची चिरफाड कशाला?’ वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पोर शहाणी होणार असती तर गोष्ट वेगळी. ऑपरेशन झालं तरी ती अशीच राहणार ना?’

या वाक्याचा मला राग येत नाही. जिथे बाळ जन्मलं तिथल्या एका डॉक्टरांनी डाऊनसाठीचा जुना, हिणवणारा शब्द वापरून ‘मंगोल बाळ आहे, दुसऱ्याचा विचार करा’ एवढंच त्यांना सांगून वाटेला लावलं होतं. त्यानंतर चार महिने हा माणूस तेच डोक्यात घेऊन फिरत होता.

मी म्हटलं, ‘हो, डाऊन सिंड्रोम राहणारच. ती उशिरा चालेल, उशिरा बोलेल. हे ऑपरेशन हृदयाचं आहे. ते हृदयाचं काय करणार, एवढंच आज बघू.’

तिच्या हृदयात वरच्या दोन आणि खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा मध्यावर तयारच झाला नव्हता आणि दोन झडपांच्या जागी एकच सामाईक झडप होती. त्यामुळे फुप्फुसांकडे जास्तीचं रक्त, तेही जोरात, जात होतं. वडिलांची शेती ठिबकवर होती. मी विचारलं, ‘ठिबकच्या नळीत मोटारीचं सगळं प्रेशर सोडलं तर?’

‘नळी फुटंल.’

‘फुप्फुसातल्या नळ्या फुटत नाहीत. जोर सोसायला त्या आतून जाड होतात, कडक होतात. एकदा तशा झाल्या की भोक बुजवूनही उपयोग नसतो, उलट ऑपरेशनच जिवावर बेततं. डाऊनच्या बाळांत हे इतरांपेक्षा लवकर होतं. म्हणून डॉक्टर सहा महिन्यांच्या आत म्हणतात.’

‘म्हणजे थांबलो तर तोपण निर्णयच झाला,’ ते म्हणाले. हे मला सांगावं लागलं नाही.

समुपदेशकानं तटस्थ राहावं असं शिकवतात आणि बहुतेक वेळा मी राहते. इथे राहत नाही. या ऑपरेशनचे निकाल डाऊनच्या मुलांमध्ये इतर मुलांच्या तोडीचे आहेत. अमेरिकेत 1982 साली इंडियाना राज्यात डाऊन सिंड्रोमचं एक बाळ अन्ननलिका बंद असलेलं जन्मलं. ती शस्त्रक्रियेनं दुरुस्त होण्यासारखी होती. पालकांनी नकार दिला, कोर्टानं तो मान्य केला आणि बाळ सहाव्या दिवशी गेलं. त्या सुमारास तिथे डाऊनच्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचविशीपर्यंतच होतं. आज ते साठच्या घरात आहे आणि त्यात हृदयाच्या ऑपरेशनांचा वाटा मोठा आहे. जे ऑपरेशन दुसऱ्या बाळाचं आपण बिनदिक्कत केलं असतं, ते हिचं केवळ बुद्धीच्या हिशेबावर नाकारणं मला अन्यायाचं वाटतं, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

धोकेही तितकेच स्पष्ट सांगितले. बाळ ऑपरेशनच्या टेबलावरच दगावू शकतं. झडप पुढे गळू लागली तर पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. व्हेंटिलेटरवरचे दिवस वाढू शकतात. सर्जननी त्यांचे आकडे दिले, ते मी वडिलांकडून त्यांच्या शब्दांत परत वदवून घेतले. आजींची भीती दुखण्याची होती. त्यांना आयसीयूच्या सिस्टरांकडे नेलं. भूल उतरल्यावर दुखण्याचं औषध सलग कसं चालू ठेवतात, ते सिस्टरनी पंप दाखवून समजावलं.

त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका आईला मी असं काहीच म्हटलं नव्हतं. तिच्या बाळाला एडवर्ड्स सिंड्रोम होता, म्हणजे अठराव्या गुणसूत्राची जास्तीची प्रत. अशा बाळांतलं दहातलं एखादंच पहिला वाढदिवस बघतं. हृदयातलं भोक बुजवलं तरी श्वास मधेच थांबणं, गिळता न येणं हे उरतंच. पूर्वी डॉक्टर सरसकट नाही म्हणायचे. आता जगात काही ठिकाणी निवडक बाळांची ऑपरेशनं होतात आणि त्यांतली काही वर्षानुवर्षं जगतातही. म्हणून मी ‘नाही’ म्हटलं नाही, ‘करा’ही म्हटलं नाही. तिला बाळासाठी काय हवंय, ते विचारलं. ‘त्यानं माझ्या मांडीवर असावं, मशिनला नको,’ ती म्हणाली. आम्ही नळीनं दूध भरवायला शिकवलं, धाप लागली तर द्यायचं औषध दिलं आणि रात्री-अपरात्री लावायचा फोन नंबर दिला. बाळ अकरा आठवडे घरी होतं. त्या आईनं आपल्या बाळाला वाऱ्यावर सोडलं असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन.

सातारच्या मुलीचं ऑपरेशन पाचव्या महिन्यात झालं. पैशाचा घोर फारसा पडला नाही. 2013 साली पालघरपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे मुलांच्या तपासणीच्या आणि मोफत उपचारांच्या सरकारी योजनेत, जन्मजात हृदयदोष येतात. गावच्या आशाताईंनी त्या योजनेच्या तपासणी पथकाशी गाठ आधीच घालून दिली होती.

‘आमच्यामागं हिचं कोण?’ हा वडिलांचा प्रश्न ऑपरेशननं सुटला नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांनंतर जिल्हा समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो, हे मी कागदावर लिहून दिलं. त्यांनी घडी घालून तो खिशात ठेवला. समाधान झालेलं दिसलं नाही, आणि ते मला रास्तच वाटलं.

तीन महिन्यांनी तपासणीला आले तेव्हा आई बाकावर बसून पाजत होती. सवयीनं तिनं पदर बाळाच्या कपाळाला लावला, मग पदराकडे पाहिलं. कोरडा होता. पंधरा मिनिटांत पोट भरून पोरगी झोपली. आजी म्हणाल्या, ‘आता कानात फुंकर घालताना नाव मोठ्यानं घेते.’ बारसं त्यांनी तोवर थांबवून ठेवलं होतं.