माशांचं पोहणं टिपून त्यावरून यंत्र बनवतात म्हणे, ते कसं? कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला जमेल का?

जमेल की! प्रयोगशाळेत पाण्यात काचेचे अतिसूक्ष्म कण सोडतात, लेसरचा पातळ पडदा पाडतात आणि हाय-स्पीड कॅमेरा लावतात. दोन फ्रेममध्ये कण कुठून कुठे सरकले, यावरून शेपटीमागचे भोवरे उमटतात. घरी लेसरच्या फंदात पडू नका, डोळे जातील.

रंकाळ्याच्या हिरव्या पाण्यात काही दिसायचं नाही. काचेची टाकी घ्या, मागे आलेख कागद चिकटवा, मोबाइल स्लो-मोशनवर ठेवा. शेपटी सेकंदाला किती वेळा हलते ते मोजा, त्याला शेपटीच्या टोकाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंतच्या अंतराने गुणा आणि माशाच्या वेगाने भागा. यालाच स्ट्रोहल अंक म्हणतात. एका लयीत पोहणाऱ्या माशांत तो साधारण ०.२ ते ०.४ येतो. तुमच्या यंत्राची शेपटी याच पट्ट्यात बसवायची.

नुसतं दिसणं उचलू नका. हार्वर्डच्या संशोधकांनी माको शार्कच्या कातडीचं मायक्रो-सीटी स्कॅन करून खवले थ्रीडी छापले (२०१४), तेव्हा वेग वाढला तो जेमतेम ६.६ टक्के, तोही ठरावीक हालचालीतच.

शेपटीसाठी रबर शीट उद्यमनगरात बघा. जाडी दोन-तीन प्रकारची आणा, कारण खरी गंमत लवचिकतेतच आहे.