दत्तक घेण्याआधी वाचून भीतीच वाढते आहे?

परदेशात राहून भारतातलं मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या मराठी जोडप्यांशी बोलताना एक वाक्य हमखास कानावर येतं: "जितकं वाचतोय तितकी धास्ती वाढतेय." अशाच एका जोडप्याविषयी लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दोघं अमेरिकेत स्थायिक. तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेनं घरी येऊन केलेली चौकशी पार पडलेली, 'कारा' या भारतातल्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी झालेली. परदेशी दत्तकाविषयीच्या हेग करारातल्या देशातून मूल घेणाऱ्या पालकांना तिथे किमान 10 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, तेही पूर्ण. महाराष्ट्रातल्या एका संस्थेतल्या साडेचार वर्षांच्या मुलीसाठी त्यांनी होकार कळवला होता. आता ना-हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, मुलीचा पासपोर्ट, यांची वाट पाहायची. त्या महिन्यांत बायकोनं वाचनाचा सपाटा लावला आणि नॅन्सी वेरियर यांचं 'द प्रायमल वूंड' तिच्या हाती पडलं.

1993 सालच्या या पुस्तकाचं म्हणणं असं, की जन्मदात्या आईपासून तुटल्याची जखम मुलाच्या मनात खोलवर राहते. "ताई, म्हणजे मी काहीही केलं तरी ती दुखावलेलीच राहणार का?" तिनं विचारलं. नवऱ्याचं वेगळंच. "मुलगी आपल्याच भाषेतली, आपल्याच मुलखातली. लाडात वाढवू. इतकं वाचायचं काय त्यात?"

वेरियर स्वतः दत्तक मुलीची आई आणि मानसोपचारतज्ज्ञ. दत्तक गेलेल्या अनेकांना त्यांचं लिखाण आपल्याच मनातलं वाटतं, म्हणून त्याला मी कमी लेखत नाही. पण ते मुख्यतः त्यांच्या अनुभवांवर उभं आहे. एखाद्या मुलीचं भविष्य त्यात लिहिलेलं नाही. मी तिला सांगितलं, मुलगी घरात रुळेपर्यंत ते कपाटात ठेवा. आधी तिची फाईल पुन्हा वाचा.

फाईलमध्ये एक ओळ होती: शांत आहे, त्रास देत नाही. दोघं त्यावर खूश होते. म्हणून मी त्यांना जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या ब्रिटिश दांपत्याचा 1969 सालचा माहितीपट पाहायला सांगितला. सतरा महिन्यांचा जॉन. आई बाळंतपणासाठी गेलेली, म्हणून नऊ दिवस पाळणाघरवजा निवासी संस्थेत. तो आधी एकेका परिचारिकेकडे जाऊन माया शोधतो, पण त्या सतत बदलत राहतात. मग रडतो, खाणं सोडतो, शेवटी थकून गप्प पडून राहतो. आई न्यायला येते तेव्हा तो तिच्याकडे झेपावत नाही, तोंड फिरवतो. हे पाहणं जड जातं, तरीही दत्तक पालकांना मी सर्वांत आधी हेच दाखवते. वाईट वागवणारं तिथे कोणी नव्हतं. मुलाला हक्काचं असं एक माणूस नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचाच फोन आला. "मग आमची मुलगी समाधानानं शांत आहे की हरून, हे ओळखायचं कसं?" वाचनाची गरज त्याला तिथे पटली. मी म्हटलं, लागलं-खरचटलं तर ती तुमच्याकडे धावते का, ते बघत राहा. सुरुवातीला बहुधा धावणार नाही. घरी येणाऱ्या कुणाच्याही मांडीवर जाऊन बसली तर 'किती माणसाळलेली आहे' म्हणून कौतुक करू नका. आणि एके दिवशी ती तुमच्यापाशी हट्ट करून भोकाड पसरेल, तेव्हा घाबरू नका.

मग कॅरिन पर्व्हिस आणि सहकाऱ्यांचं 'द कनेक्टेड चाइल्ड'. 2007 सालचं हे पुस्तक रोजच्या उपयोगाचं आहे. पर्व्हिस यांचा साधा आग्रह असा, की दर दोन तासांनी मुलाला काहीतरी खायला-प्यायला द्यावं. पोट रिकामं असलं की भीतीही वाढते. ही मुलगी घरी आल्यावर उशीच्या अभ्र्यात पोळीचे तुकडे लपवू लागली. आईनं रागावण्याऐवजी तिच्या हाताला येईल असा तिचा स्वतःचा खाऊचा डबा ठेवला.

आजी-आजोबांचा प्रश्न मात्र पुस्तकानं सुटला नाही. सुरुवातीचे काही आठवडे भरवणं, अंघोळ, झोपवणं फक्त आईबाबांनी करावं, असं मी सुचवलं. आजीला ते लागलं. "नातीला मी घासही भरवायचा नाही?" तिलाही जॉन दाखवला. संपल्यावर ती म्हणाली, "मग मी लांबून गोष्टी सांगेन."

राहिली ती मोठी भीती: उद्या ही खऱ्या आईला शोधायला गेली तर? यासाठी मी मार्गदर्शकाऐवजी दत्तक गेलेल्या माणसाचं लिखाण देते. आशा मिरो 1974 मध्ये लहानपणी मुंबईहून बार्सिलोनाला दत्तक गेल्या. 1995 मध्ये आणि पुन्हा 2003 मध्ये त्या भारतात आल्या. दुसऱ्या खेपेला आपल्या सुरुवातीच्या आयुष्याविषयी माहीत असलेलं सगळंच खरं नव्हतं हे त्यांना कळलं आणि सख्खी बहीण भेटली. फाईलमधली हकीकत अपुरी असू शकते, हे पालकांनी तिथून शिकावं.

'लायन' (2016) हा चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला असतो: खंडव्याचा सरू, रेल्वेनं कोलकात्याला पोचलेला आणि 1987 मध्ये टास्मानियात दत्तक गेलेला. लोक शेवटच्या भेटीला रडतात. मी या दोघांना मंतोषकडे, म्हणजे सरूच्या दत्तक भावाकडे, बघायला सांगितलं. तेच घर, तेच आईबाप, पण दुसऱ्या मुलाचं दुःख निवत नाही. आणि सरू शोधाची गोष्ट आईपासून लपवतो, तिला वाईट वाटेल म्हणून. ती मात्र कळल्यावर त्याच्या पाठीशी उभी राहते. इथे चित्रपट थांबवून एकमेकांशी बोला, असं मी सांगितलं होतं. ते तासभर बोलले. आपल्याकडच्या नियमांतही मूळ शोधण्याची तरतूद आहे: अठरा वर्षांनंतर मूल स्वतः अर्ज करू शकतं, त्याआधी दत्तक पालकांसह. जन्मदात्यांनी आपली माहिती गोपनीय ठेवायला सांगितलं असेल तर त्यांच्या संमतीशिवाय ती उघड होत नाही, हेही मुलीला कधीतरी सांगावं लागेल.

आता तुम्ही याच टप्प्यावर असाल, तर एक काम पुस्तकांच्या आधी करा. संस्थेला विचारा: ती झोपताना कुणाचा हात धरते, तिथे कोणतं गाणं म्हणतात, वरणभात कसा कालवलेला आवडतो, ती कोणत्या मावशीला जास्त बिलगते. त्या मावशींचा फोटो परवानगीनं मागून घ्या, आणि तुमचा, घराचा, आजी-आजोबांचा छोटा अल्बम मराठीत नावं लिहून तिच्यासाठी आधी पाठवा.