कृष्णवर्णीय स्त्रियांचा पहिला चित्रपट महोत्सव कधी भरला?

१९७६ साली, न्यूयॉर्कमध्ये. नाव 'सोजर्नर ट्रूथ फेस्टिव्हल ऑफ द आर्ट्स'. गुलामगिरीतून सुटून स्त्रियांच्या हक्कांसाठी भाषणं देत फिरलेल्या बाईचं नाव त्याला दिलं होतं. आयोजकांत चित्रकार फेथ रिंगगोल्ड आणि त्यांची लेक, लेखिका मिशेल वॉलेस या होत्या. हा अशा प्रकारचा पहिला महोत्सव मानतात.

चित्रपट मात्र आधीपासून बनत होते. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरातल्या कृष्णवर्णीय रुग्णालय कामगार बायकांच्या १९६९ च्या संपावर मॅडलिन अँडरसन यांनी 'आय ॲम समबडी' हा माहितीपट केला. अर्ध्या तासाचाच आहे, जरूर बघा.

खरी अडचण वितरणाची होती. कॅथलीन कॉलिन्स यांचा 'लूझिंग ग्राउंड' १९८२ चा. नायिका तत्त्वज्ञानाची प्राध्यापक, नवरा चित्रकार. कॉलिन्स यांच्या हयातीत तो थिएटरात धड लागलाच नाही. १९८८ मध्ये त्या गेल्या, वय अवघं ४६. पुढे त्यांच्या मुलीने चित्रपटाची मूळ निगेटिव्ह वाचवली आणि २०१५ मध्ये तो प्रदर्शित झाला. जूली डॅश यांचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' (१९९१) हा आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला, अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झालेला पहिला कथापट. १९९१, म्हणजे किती उशीर बघा!