एडिट केलेल्या व्हिडिओत सुरुवातीला आवाज जुळतो, पण पुढे ओठ आणि शब्द वेगळे होत जातात, चाळीस मिनिटांत दीड सेकंदाने. नवा लॅपटॉप घ्यावा का?

नाही. हाच सल्ला मलाही मिळाला होता आणि तो ऐकून मी पैसे घालवले, म्हणून आधी हे नाही.

बाबांच्या निवृत्तीचं भाषण मी फोनवर घेतलं होतं, अठ्ठेचाळीस मिनिटांचं. आवाज फोनचाच, चित्रही फोनचंच. फोनवर बघितलं की सगळं ठीक, एडिटरमध्ये टाकलं की विसाव्या मिनिटानंतर बाबांचे ओठ मिटायचे आणि शब्द मग यायचा. दाजींनी लांबूनच निदान केलं, "लॅपटॉप झेपत नाहीये." मी रॅम वाढवली. फरक शून्य. मग दाजी म्हणाले, आवाज कापून सरकवत जा, सगळे तेच करतात. रात्रभर बसून चौदा ठिकाणी कापला. बाबांना दाखवला, तर ते म्हणाले, "मी एवढा अडखळत बोललो होतो का?" ते अडखळले नव्हते. त्यांचे श्वास माझ्या कात्रीत गेले होते.

खरं कारण कळलं ते पुन्हा पुन्हा बघताना. चुकायला लागायचं नेमकं स्लाइड दाखवायला दिवे मंद केले तिथून, आणि दिवे लागले की फरक वाढायचा थांबायचा. आता लॅपटॉपला हॉलमधल्या दिव्यांचं काय कळतं? फोनला कळतं. उजेड कमी झाला की बरेच फोन सेकंदाला तीसऐवजी कमी फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, घेतात. यालाच व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. माझा एडिटर मात्र सरसकट तीसच धरून चालायचा, म्हणून तेवढं चित्र भरभर पुढे निघून जायचं.

तेव्हा तुमची मूळ फाइल मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. फ्रेमरेट मोडसमोर 'व्हेरिएबल' दिसलं तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओच्या टॅबवर फ्रेमरेट ३० आणि खाली 'कॉन्स्टंट' निवडून नवी फाइल काढा, आणि एडिटिंग त्या फाइलवर करा. दोन्ही फुकट आहेत. आधीच कापाकापी केली असेल तर ती वाया गेली असं समजा. मी माझी चौदा कापं टाकून दिली.

४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झचं, म्हणजे आवाज सेकंदाला किती हजार वेळा मोजला त्या आकड्याचं, कारण कुणीतरी सांगेलच. ४८ चा आवाज ४४.१ ने वाजला तर एका मिनिटातच पाच सेकंदांचा घोळ होतो आणि माणूस जाड आवाजात बोलतो. तुम्ही लिहिलंय की चाळीस मिनिटांत दीड सेकंद. म्हणजे ते नाही.

फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असता तर गोष्ट वेगळी होती, एडिटरमधली आवाजाची पट्टी एकदा पुढेमागे सरकवली की काम संपलं. आणि हो, ब्लूटूथ हेडफोन लावून तपासत असाल तर आधी ते काढा. आवाज तिथेच उशिरा पोचतो, बिनचूक व्हिडिओही चुकलेला वाटतो. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, तासाभरात चार-पाच फ्रेम इकडेतिकडे होऊ शकतात. त्यावर उपाय म्हणून सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवा आणि आवाजाची लांबी त्या दोन टाळ्यांत बसवा.

एक कबूल करतो. लॅपटॉप अगदीच जुना असेल तर एडिटरमधला प्रिव्ह्यू अडखळतो आणि तिथे आवाज खरंच चुकलेला दिसतो. म्हणून निकाल एक्सपोर्ट झालेली फाइल बघूनच लावा. दाजी हे वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगायचंय की बाबांचं भाषण त्याच जुन्या लॅपटॉपवर पुन्हा बनवलं, एकही काप न देता. वाढवलेली रॅम अजून आत आहे, हवी असेल तर घेऊन जा.