‘होरा’ अहोरात्रातला की ऋतुदेवींचा?

प्रश्न असा आहे: ग्रीक पुराणकथांत ऋतूंच्या देवींना ‘होराय’ म्हणतात, एकवचनात ‘होरा’. इकडे आपण ‘त्याचा होरा अगदी खरा ठरला’ असे सहज म्हणतो, आणि पंचांगात ग्रहांचे होरे दिलेले असतात. हे नुसते नादसाम्य की काही नाते? आणि ‘अहोरात्र’ शब्दाचे पुढचे-मागचे वर्ण गाळून ‘होरा’ झाला असे जे सांगितले जाते, ते मानायचे का?

नाते आहे, आणि तेही थेट. मराठीतला होरा संस्कृतातून आला, संस्कृतात तो ग्रीकमधून आला, आणि ग्रीकमध्ये तो शब्द आधी ऋतूचा होता, तासाचा नंतर झाला. अहोरात्राची व्युत्पत्ती जुनी आहे, पण टिकत नाही.

आधी देवींकडे पाहू. होमरच्या ‘इलियड’मध्ये स्वर्गाच्या दारांवर होराय पहारा देतात. दाट ढग बाजूला सारायचा की पुन्हा लोटून घ्यायचा, हे काम त्यांच्याकडे. ऋतू म्हणजे आभाळाची उघडझाप, ही कल्पना पावसावर जगणाऱ्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. प्राचीन ग्रीक कवी हेसिओदने त्यांची नावे दिली: एव्नोमिया, दिके, एइरेने, म्हणजे सुव्यवस्था, न्याय आणि शांती. आईबाप झ्यूस आणि थेमिस. ऋतूंच्या देवींना अशी नावे का, असे पहिल्यांदा वाचताना वाटते. पण आपल्याकडचे ‘ऋतु’ आणि ‘ऋत’ आठवा. दोन्ही शब्द एकाच धातूचे, ‘जुळणे, नीट बसणे’ या अर्थाच्या. ऋग्वेदात ऋतु म्हणजे प्रथम यज्ञाची योग्य वेळ. पहिल्या मंडलाच्या पंधराव्या सूक्तात देवांना त्या त्या ऋतूबरोबर सोम प्यायला बोलावले आहे. वेळेवर येणे हीच सृष्टीची शिस्त, हा विचार दोन्हीकडे आहे, आणि तो कुणी कुणाकडून उचलायची गरज नव्हती.

अथेन्समध्ये मात्र नावे शेतातली होती: थाल्लो, म्हणजे फुटवा-बहर, आणि कार्पो, म्हणजे फळ. चार ऋतूंच्या चार आकृती हा थाट पुढचा. रोमन फरशीचित्रांत त्या हमखास ओळखू येतात: फुलांचा मुकुट वसंताचा, कणसे आणि विळा उन्हाळ्याचा, द्राक्षे शरदाची, आणि डोक्यावरून पांघरूण घेतलेली ती हिवाळ्याची. रोमन शवपेट्यांवर तर याच जागी पंखवाले तरुण मुलगे दिसतात.

देवी की देव, हे पुष्कळदा व्याकरण ठरवते. ग्रीक ‘होरा’ स्त्रीलिंगी, म्हणून होराय स्त्रिया. संस्कृतात वसंत पुल्लिंगी, म्हणून तो कामदेवाचा सखा, ऋतुराज. पण ‘शरद्’ संस्कृतात स्त्रीलिंगी आहे, आणि ‘ऋतुसंहारा’त कालिदासाने तिला नव्या नवरीसारखी आणली आहे, काशफुलांचे वस्त्र नेसलेली. पावसाळा त्याला राजाच्या थाटात आणायचा होता, तर त्याने ‘वर्षा’ हा स्त्रीलिंगी शब्द टाळून मेघांच्या आगमनाचा पुल्लिंगी शब्द घेतला. मराठीत शरद हे पुरुषाचे नाव झाले आणि ती नवरी दृष्टीआड गेली.

आता शब्दाचा प्रवास. ग्रीक ‘होरा’चा अर्थ आधी ऋतू, मग कोणत्याही गोष्टीची योग्य वेळ, मग दिवसाचा भाग, आणि शेवटी दिवसाचा बारावा हिस्सा. हा हिस्सा आपल्या घड्याळी तासासारखा सारखा नव्हता. सूर्योदय ते सूर्यास्त जेवढा काळ, त्याचे बारा भाग. त्यामुळे अथेन्समध्ये जूनच्या अखेरीस एक होरा सुमारे ७४ मिनिटांचा, तर डिसेंबरात जेमतेम ४८ मिनिटांचा. तास स्वतःच ऋतूप्रमाणे लांबत-आखडत होता. ऋतूचा शब्द तासाला लागला तेव्हा ऋतू त्यातून गेला नव्हता, हे मला या शब्दातले सर्वांत सुंदर वाटते.

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीक फलज्योतिष भारतात आले आणि त्याबरोबर परिभाषाही आली. ‘यवनजातक’ हे ग्रंथाचे नावच ते सांगते: यवन म्हणजे ग्रीक. ‘केंद्र’ हा शब्द आज आपण मतदान केंद्रापासून आरोग्य केंद्रापर्यंत दिवसातून दहा वेळा वापरतो. तो ग्रीक ‘केंत्रोन’. ज्योतिषाच्या परिभाषेतले ‘जामित्र’ म्हणजे ‘दिआमेत्रोस’, ‘द्रेष्काण’ म्हणजे ‘देकानोस’, ‘लिप्ता’ म्हणजे ‘लेप्तोन’. होरा याच तांड्यातला. त्याचे संस्कृत अर्थ तीन: लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, राशीचा अर्धा भाग म्हणजे १५ अंश, आणि अहोरात्राचा चोविसावा भाग म्हणजे अडीच घटका. शेवटचे दोन एकमेकांना धरून आहेत. बारा राशी दिवसभरात उगवतात, म्हणजे एका राशीला सरासरी दोन तास, अर्ध्या राशीला एक.

आता अहोरात्राबद्दल. वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त ही व्युत्पत्ती दिली आहे, पण नीट वाचा: ‘एके वाञ्छन्ति’, काही जणांना असे वाटते, असे तो म्हणतो. स्वतःच्या नावावर तो ती घेत नाही. यवनांकडे हे शास्त्र चांगले आहे हेही त्यानेच ‘बृहत्संहिते’त लिहून ठेवले आहे. व्युत्पत्ती का टिकत नाही, त्याची कारणे तीन.

पहिले, शब्दाची घडण. ‘अहोरात्र’ म्हणजे अहन् अधिक रात्र. त्यातला ‘हो’ हा पहिल्या शब्दाची शेपटी आणि संधीतून आलेला ओ. ‘रा’ हे दुसऱ्या शब्दाचे तोंड. एकाची शेपटी आणि दुसऱ्याचे तोंड जोडून शब्द करायची रीत संस्कृतात नाही. दुसरे, मोजणी. वैदिक परंपरेत अहोरात्राचे भाग ३० मुहूर्त, म्हणजे ४८-४८ मिनिटांचे. पुढे ६० घटका. त्यात चोवीस भागांना जागाच नाही. चोवीस ही संख्या बाहेरून आली, शब्दही तिच्याबरोबर आला.

तिसरे कारण ध्वनीचे, आणि ते सर्वांत पक्के. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा मूळ ‘य’ पुष्कळदा ‘ह’ होतो. संस्कृतात तो ‘य’च राहतो. आपले ‘यकृत’ आणि ग्रीक ‘हेपार’ हे एकच. डॉक्टर ज्याला हिपॅटायटिस म्हणतात ती यकृताची सूज. ‘होरा’चाही मूळ आरंभ ‘य’ने होता: इंग्रजी ‘यिअर’, जर्मन ‘यार’ आणि अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातला वर्षवाचक ‘यार’ हे त्याचे सख्खे भाऊ. म्हणजे हा शब्द संस्कृतात वारशाने आला असता तर तो ‘य’ने सुरू झाला असता. ‘ह’ आहे, याचा अर्थ तो ग्रीकांच्या तोंडून ऐकून घेतलेला आहे.

वारशाने आलेला ऋतुशब्द कसा असतो, त्यासाठी हेमंत पाहा. ग्रीकमध्ये हिवाळा ‘खेइमोन’, लॅटिनमध्ये ‘हिएम्स’, आपल्याकडे हिम, हेमंत, हिवाळा. इथे ग्रीक ‘ख’ला संस्कृत ‘ह’ नेमाने जुळतो. वसंताचेही तसेच: लॅटिन ‘वेर’ आणि वसंत एका मुळाचे. हेमंत-वसंत ही भावंडे, होरा पाहुणा.

इजिप्तच्या ‘होरस’ देवाचे नाव यात ओढू नये. तो घोटाळा जुना आहे. लॅटिन लेखक मॅक्रोबियसने चोवीस तासांचे नाव होरसवरूनच आले असे लिहून ठेवले. पण होरसचे नाव इजिप्शियन, त्यातला ‘ह’ मुळातला आहे, ‘य’चा झालेला नाही.

वार सांगताना तुम्ही रोज होरा वापरता, हे बहुतेकांच्या लक्षात नसते. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास सूत्र दिले: शनीपासून क्रमाने अधिकाधिक वेगवान असे सात होरेश, म्हणजे एकेका होऱ्याचे स्वामी ग्रह, आणि त्याच क्रमात चौथा तो पुढच्या दिवसाचा स्वामी. करून पाहा. क्रम असा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. शनिवारी सूर्योदयाचा पहिला होरा शनीचा. आठवा, पंधरावा, बाविसावा पुन्हा शनीचे. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा, आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला रवीचा. म्हणून शनिवारानंतर रविवार. रवीपासून मोजलेत तर बाविसावा रवी, मग शुक्र, बुध, आणि उजाडता चंद्र: सोमवार. सात ओळी लिहिल्यात की वर्तुळ पुरे होते.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे सकाळी सहापासून मोजणे. सुरुवात सूर्योदयापासून. पुढे दोन पद्धती आहेत: सरसकट ६० मिनिटे, किंवा दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा भाग. दुसऱ्या पद्धतीने मुंबईत दिवसाचा होरा डिसेंबरात सुमारे ५५ मिनिटांचा आणि जूनमध्ये ६६ मिनिटांचा येतो. दोन पंचांगांचे कोष्टक जुळत नसेल तर आधी पद्धत कोणती आहे ते पाहावे.

राहिला अंदाजाचा अर्थ. होराशास्त्र म्हणजे फलज्योतिष. होरा पाहून भाकीत सांगायचे. मग भाकितालाच होरा म्हणू लागले, आणि शेवटी ज्योतिषाशिवायच्या अंदाजालाही. पण अजूनही या शब्दाची नजर पुढे असते. ‘यंदा पाऊस लांबेल असा जाणत्यांचा होरा आहे’ हे बरोबर. ‘पिशवीत दहा किलो कांदे असतील असा माझा होरा आहे’ हे कानाला खटकते. तिथे अंदाज म्हणावे. हिशेब करून मांडलेला तो आडाखा, धागेदोरे जुळवून बांधलेली ती अटकळ. होरा व्यक्त करतात, तो चुकतो किंवा खरा ठरतो. अटकळीसारखा बांधत मात्र नाहीत.

लिंगाचे म्हणाल तर संस्कृतात ती होरा, स्त्रीलिंगी, ग्रीकसारखीच. मराठीत आंबा-घोडा-वाडा यांच्या ओळीत बसून तो होरा झाला. म्हणून अनेकवचन ‘होरे’ आणि सामान्यरूप ‘होऱ्या’: होऱ्यानुसार, होऱ्याप्रमाणे, ऱ अर्धा लिहून. ज्योतिषावरच्या लेखनात ‘गुरूची होरा’ असा स्त्रीलिंगी प्रयोग आढळला तर तो संस्कृतला धरून आहे, त्याला चूक म्हणू नये. मात्र एकदा स्त्रीलिंगी धरलात की पुढे ‘होरेप्रमाणे’ लिहावे लागेल. आणि देवींबद्दल लिहिताना अनेकवचन ‘होराय’ ठेवावे. ‘होरे स्वर्गाच्या दारावर उभे होते’ असे लिहिलेत, तर वाचक पंचांगातले कोष्टक शोधू लागेल.