वाचकांचे प्रश्न: मोटरहोम, मोझेलचा काठ आणि कुकर

आम्ही दोघं आणि दीर-जाऊ, सगळे पन्नाशी-साठीतले. मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला असते, सप्टेंबरमध्ये तिच्याकडे जाणार आहोत. तिथून मोटरहोम भाड्याने घेऊन ऱ्हाइनकाठची जुनी गावं, हायडेलबर्ग, बांबेर्ग, रेगेन्सबुर्ग, पासाउ असा गोल दहा दिवसांत होईल का? आपलं लायसन्स चालतं का? – एक वाचक, पुणे

गोल होईल हो ताई, पण सगळा गाडीत बसूनच होईल. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर, टुरिस्ट बस नाही, रोज सकाळी पाण्याचे पाइप, वायर, गॅसचा कॉक, कपाटांच्या कड्या असं सगळं आवरून निघायचं आणि संध्याकाळी परत मांडायचं, त्यात निम्मा दिवस जातो आणि चौथ्या दिवशी भांडणं सुरू होतात. एकच नदी धरा. आणि माझं ऐकाल तर ऱ्हाइन नको, मोझेल धरा.

ऱ्हाइन वाईट आहे असं नाही. बिंगेन ते कोब्लेंत्स हा 65 किलोमीटरचा पट्टा 2002 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, दर वळणाला किल्ला. पण दरी अरुंद आणि दोन्ही काठांनी रेल्वे, रात्रभर मालगाड्या धडधडत असतात आणि तुम्ही झोपणार पत्र्याच्या डब्यात, रुळांपासून हाकेच्या अंतरावर! शिवाय या पट्ट्यात नदीवर एकही पूल नाही, पलीकडे जायचं तर फेरी बोट. बरीच गावं आणि नदी यांच्या मधून रेल्वे जाते, खालचे जुने बोगदे बुटके, आणि तुमची गाडी तीन मीटर उंच. (गाडी ताब्यात घेतानाच उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा, लाजू नका, तिथले लोकही चिकटवतात.)

मोझेल कोब्लेंत्सलाच ऱ्हाइनला मिळते. तिथून उलटं वर ट्रिअरपर्यंत जायचं, नदीच्या वळणांनी 200 किलोमीटरच्या आतबाहेर. मेन रेल्वे लाइन पुंडेरिखजवळ नदी सोडून आत निघून जाते, त्यामुळे बर्नकास्टलसारख्या गावांना रेल्वेच नाही, रात्री शांतता. मोटरहोमसाठी गावागावांत ठरवून दिलेली पार्किंगची जागा असते, तिला श्टेलप्लात्स म्हणतात. कितीतरी ठिकाणी अगदी नदीला लागून, साधारण 10 ते 20 युरोत रात्र. बऱ्याच ठिकाणी बुकिंग घेतच नाहीत, जो आधी येईल त्याची जागा, आणि सप्टेंबर म्हणजे वाइन फेस्टिवलचा सीझन, तेव्हा दुपारी दोनपर्यंत पोचायचं. गाडी तिथे लावून गावात चालत. बाइलश्टाइनसारख्या गावात तर गाडी आत न्यायचा विचारही करू नका, तिथल्या गल्ल्या आपल्या पेठांमधल्या बोळांइतक्या.

कोखेमचा किल्ला लांबून एकदम मध्ययुगीन दिसतो, पण जुना किल्ला 1689 मध्ये फ्रेंच सैन्याने उडवला, आत्ताचा आहे तो बर्लिनच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याने 19व्या शतकात हौसेने परत बांधलेला. खरा जुना बघायचा तर मोझेलकेर्नहून जंगलातून चालत बुर्ग एल्त्सला जा, तो कधी पडलाच नाही आणि 12व्या शतकापासून एकाच घराण्याकडे आहे. गुडघे दुखत असतील तर हे जरा बघून ठरवा, वाट ओढ्याच्या काठाने छान आहे पण शेवटी चढ आहे.

बर्नकास्टलच्या चौकाजवळ 1416 चं एक लाकडी सांगाड्याचं घर आहे, खाली इतकं चिंचोळं आणि वरचे मजले दोन्हीकडे बाहेर आलेले, की आपण खाली उभं राहून उगाच हात लावून बघतो.

ट्रिअरला मात्र दोन रात्री द्या. पोर्टा निग्रा हा रोमन दरवाजा इ.स. 170 च्या सुमाराचा. नीट जवळ जाऊन दगड बघा, चुना वगैरे काही नाही, दगड एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जोडलेले होते आणि मध्ययुगात लोकांनी लोखंडासाठी ते आकडे उकरून काढले, ती भोकं अजून जागोजाग दिसतात. मग अख्खा दरवाजाच का नाही गेला? तर 11व्या शतकात सिमेऑन नावाचा एक साधू त्यात कोंडून घेऊन राहिला, तो वारल्यावर तिथे चर्च झालं आणि चर्चच्या दगडाला कोण हात लावणार. पुढे नेपोलियनने चर्चचं बांधकाम काढायला लावलं आणि रोमन दरवाजा पुन्हा मोकळा झाला. कार्ल मार्क्सही याच गावचा, 1818 चा जन्म. त्याच्या द्विशताब्दीला चीनने एक भलामोठा पुतळा भेट दिला, त्यावरून गावात बरीच वादावादी झाली होती.

लायसन्सचं: आपलं भारतीय लायसन्स आणि सोबत आरटीओकडून घेतलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट चालतं, या परमिटची मुदत एक वर्ष. कारच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी, आणि हे वजन माणसं-सामान धरून. चार माणसं, चार बॅगा, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि जाऊबाईंचं लोणचं, काटा लगेच वर जातो. पाणी रोज थोडंच भरा. डावीकडचं स्टिअरिंग आणि उजवीकडून चालवणं याची सवय मुलीच्या कारने स्टुटगार्टच्या बाहेर आधी करून घ्या, थेट मोटरहोमवर नको.

नदीला लागून गाडी उभी करायची म्हणता, आम्ही सांगलीकर, आयर्विन पुलाची पातळी बघून झोपणारे लोक. तिकडे पूर येत नाही का? – सांगली

येतो की! पासाउला 2013 च्या जूनमध्ये डॅन्यूब 12.89 मीटरला गेली होती, 1501 नंतरची सगळ्यात मोठी, तिथल्या टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा सालासकट आहेत. मोझेलला मोठा पूर 1993 च्या डिसेंबरात आला होता आणि 2024 च्या मेमध्येही पाणी बरंच वर आलं. साधारणपणे मोझेलचे मोठे पूर हिवाळ्यातले, कारण डोंगरात बर्फ वितळतं आणि वरून पाऊस. मोठ्या नदीचं पाणी आपल्या कृष्णेसारखंच अंदाज देऊन चढतं, वर किती पडलं ते कळतं, श्टेलप्लात्सवाले आधी गाड्या हलवायला सांगतात. धोका असतो तो छोट्या नदीचा. 2021 च्या जुलैत आर नावाच्या एका लहान नदीच्या अरुंद दरीत एका रात्रीत पाणी चढलं, त्या पुरात जर्मनीत 180 च्या वर माणसं गेली. म्हणून जोराच्या पावसाचा इशारा असेल तर ओढ्याकाठी, अरुंद दरीत रात्र काढू नका. निना नावाचं सरकारी इशाऱ्याचं ॲप फोनवर टाका. आणि गाडी लावताना तोंड बाहेर निघायच्या रस्त्याकडे ठेवा, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आम्ही शुद्ध शाकाहारी. गाडीत कुकर लावता येतो का? बाहेर काय खायचं? – नाशिक

कुकर बिनधास्त लावा, गॅस असतो, फक्त शेगड्या लहान म्हणून तीन लिटरचा कुकर न्या आणि वरची खिडकी उघडी ठेवा. रात्री दहानंतर शिट्टी नको, शांततेची वेळ ते लोक फार पाळतात. इंडक्शन मात्र नेऊ नका, बऱ्याच श्टेलप्लात्सवर वीज सहाच अँपिअरची, म्हणजे 1400 वॉटच्याही आत, इंडक्शन आणि किटली सोबत लावलीत की फ्यूज गेला.

बाहेर शरदात सगळीकडे त्स्वीबेलकूखन मिळतो, म्हणजे कांदा घालून भाजलेला जाड खारा केक, दिसतो शाकाहारी पण त्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, फ्लामकूखन या पिझ्झासारख्या पातळ प्रकारातही तेच, विचारून घ्या. बटाट्याचे कार्टोफलपुफर सफरचंदाच्या सॉससोबत खा, आपल्या उपासाच्या थालीपिठाची आठवण येते. रविवारी सुपरमार्केट बंद, भाजी-दूध शनिवारीच भरा.

टॉयलेटचं काय करायचं असतं? विचारायला संकोच वाटतो, पण यांना माहिती नाही. – ठाणे

संकोच कसला, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. गाडीच्या बाहेरच्या बाजूला एक छोटं दार असतं, त्यातून टाकीची पेटी ओढून काढायची आणि श्टेलप्लात्सवरच्या ठरलेल्या जागी रिकामी करून धुवायची. भांडी-अंघोळीचं पाणी वेगळं, त्याची जाळी जमिनीत असते, तिच्यावर गाडी आणायची. नदीत किंवा गटारात सोडलंत तर दंड होतो. पेटी रोज सकाळी रिकामी करायची, भरायची वाट बघायची नाही. आणि हे काम कोणी करायचं ते निघण्याआधीच ठरवून ठेवा, "यांना माहिती नाही" असं तुम्ही लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगते, पहिल्याच सकाळी त्यांच्याच हातात द्या.