‘पुनर्संयोजित मानवी विकर’: चूक शब्दात की अर्थात?

नाशिकच्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवणारे एक वाचक प्रयोगशाळेतील साहित्याची यादी मराठीत करत आहेत. ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन ग्लुकोकायनेज’ या नोंदीपुढे त्यांनी ‘पुनर्संयोजित मानवी विकर’ असे लिहिले (विकर म्हणजे एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन), तेव्हा एका विद्यार्थिनीने ‘सर, हे माणसाच्या यकृतातून काढलेले आहे का?’ असे विचारले. शब्द चुकला की काय, अशी त्यांची पृच्छा आहे.

संधीपुरता तो चुकलाच आहे. ‘पुनर्’मधला रेफ पुढे मृदू व्यंजन किंवा स्वर आला तरच टिकतो, म्हणून पुनर्जन्म, पुनर्वसन, पुढे ‘स’ आला की विसर्ग होतो, म्हणून पुनःस्थापना आणि त्याच न्यायाने पुनःसंयोजित. (‘पुनर्प्रसारण’ आता इतके रुळले आहे की त्यावर भांडण्यात अर्थ नाही.)

खरी अडचण अर्थाची आहे. पुनःसंयोजन होते ते डीएनएचे, विकराचे नव्हे. ग्लुकोजला फॉस्फेट जोडणाऱ्या या विकराचे मानवी जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यात बसवतात, ते कडे बहुधा ई. कोलाय या जिवाणूत सोडतात आणि मग तो जिवाणू ते प्रथिन तयार करतो. ‘पुनःसंयोजित विकर’ वाचून मात्र विकरच मोडून पुन्हा जोडल्याचा भास होतो.

‘मानवी’ हे विशेषण उगमाचे नसून प्रथिन ज्यांचे बनते त्या अमिनो आम्लांच्या क्रमाचे आहे. आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घ्यायचे तर येवल्याच्या मागावर विणलेल्या साडीलाही आपण पैठणीच म्हणतो. नाव पैठणचे, वीण येवल्याची. शिवाय शुद्धीकरणात निकेलला चिकटून राहावी म्हणून अशा प्रथिनाला पुष्कळदा सहा हिस्टिडिनांची (हिस्टिडिन हे एक अमिनो आम्ल) शेपटी जोडतात. तेवढा भाग तर मूळ मानवी प्रथिनात नसतोच.

‘विकर’ हा पाठ्यपुस्तकांतला शब्द आहे, त्यामुळे त्याला आक्षेप नाही. मला स्वतःला जुना ‘वितंचक’ अधिक आवडतो, कारण त्याच्याशी नाते सांगणारा संस्कृत ‘आतंचन’ म्हणजे दुधाला लावायचे विरजण, आणि जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने याने 1877 मध्ये घडवलेल्या ‘एन्झाइम’चा ग्रीक अर्थही ‘खमिरातले’ असाच आहे. आपल्या यादीत मात्र दोन्ही नकोत. नावातला ‘-एज’ हा प्रत्ययच ते विकर असल्याचे सांगतो.

म्हणून ‘जनुकसंयोगाने जिवाणूत तयार केलेले मानवी ग्लुकोकायनेज’ अशी नोंद करावी. रकाना अरुंद असेल, तर ‘रिकॉम्बिनंट’ हा शब्द देवनागरीत तसाच लिहिण्यात कमीपणा नाही. कुपीवरील ‘फॉर रिसर्च यूज ओन्ली’ या सूचनेसाठी आपण सुचवलेला ‘संशोधनोपयोगी’ हा शब्द टाळावा. त्यातून उपयोग कळतो, मनाई कळत नाही. ‘केवळ संशोधनासाठी’ यातला ‘केवळ’ तिथे आवश्यक आहे.